तिसऱ्या गेटचा काटा

लग्नाला दोन महिने झाले होते, आणि दुपारचा डबा कालव्यावर पोचवणं एवढंच माझं घराबाहेरचं काम होतं. इंदापूरच्या अलीकडं कालव्याला तीन लोखंडी गेटं होती. प्रत्येकाला वर चाक, चाकाशेजारी पितळी तबकडी आणि तिच्यावर काटा, गेट किती इंच उघडं आहे ते सांगणारा. उन्हाळ्यात कालवा कोरडा पडला की गेट पार खाली टेकवायचं, स्क्रू सैल करायचा आणि काटा शून्यावर आणायचा.

हे तिथं ओव्हरसियर. माझं बोलणंही ते असंच शून्यावर आणत. मी पळसदेवची. "हाय" म्हटलं की लगेच, "आहे!" मग मी बोलणंच कमी केलं.

दोन गेटं सरळ वागली. तिसऱ्याचा काटा सकाळी शून्यावर आणला, की दुपारी चारवर. चाकाला कुणी हातही लावलेला नसे. तीन दिवस हेच.

"त्ये चार इंच खरं हाईत, साहेब," दत्तोबा चौकीदार म्हणाला. "भीमा मजूर गेटाखाली गाळ काढत व्हता. आधीच्या साहेबांनी वरनं गेट सोडलं. चारावर अडलं. काय अडलं ते वाकून बघितलं न्हाय. काटाच शून्यावर आणला, आन् लिवलं, गेट बंद."

"आणि भीमा?" मी विचारलं.

"पानी सुटल्यावर कोन हुडकतंय, बाईसाहेब?"

"म्हणजे मस्टरवर अजून आहे म्हणा की तुमचा भीमा," हे हसले. "दगड असेल. संध्याकाळी पाणी येईल, त्याआधी निघाला पाहिजे. जा, चौकीवरून पहार आणा."

दत्तोबा गेला. हे मला म्हणाले, "तू काट्यापाशी थांब. मी विचारीन तेव्हा आकडा सांग. चाकाला हात लावू नकोस."

हे पायऱ्या उतरले. कोरड्या तळाशी आडवे झाले आणि फटीत हात घातला, एवढं मला वरून दिसलं. मग आणखी आत सरकले आणि काठाआड गेले.

"किती?"

"चार."

भर उन्हात खालून गार वास आला, शेवाळाचा.

"किती?"

"चार… नाही, तीन." चाक जागच्या जागी होतं. काटा चालला होता. "अहो, हात काढा… बाहेर या!"

"किती?" तोच आवाज. घाई नाही, भीती नाही.

"दोन… अहो…"

मी दोन्ही हातांनी चाक उलट ओढलं. ते तसूभर हललं नाही. खाली लोखंड दगडावर टेकल्याचा आवाज झाला, अगदी हलका. दार लोटल्यासारखा. काटा शून्यावर.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पायऱ्यांवर पावलं वाजली. हे वर आले. दोन्ही हात शाबूत होते. माझा जीव भांड्यात पडला… आणि मग दिसलं, की अंगावरचा गाळ ओला आहे. कालवा महिनाभर कोरडा होता.

दत्तोबा पहार घेऊन आला. "निघाला का दगुड, साहेब?"

"व्हय," हे म्हणाले. "आता काय अडत न्हाय. येऊ द्या पानी."

दत्तोबाच्या हातून पहार गळाली. त्यानं यांच्याकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. मी खाली वाकून बघायला हवं होतं. नाही बघितलं. नवी सून काय म्हणून बघणार, आणि कुणाला सांगणार?

दिवेलागणीला पाणी आलं.

आज अकरा दिवस झाले. हे वेळेवर जेवतात, मला काही दुरुस्त करत नाहीत. काल शेजारच्या द्वारकाबाईंकडं हळदीकुंकू होतं. बायकांनी धरून बसवलं, "नाव घे गं, लाजतीस काय!" मी उखाण्यात यांचं नाव घेतलं, मोठ्यानं, पहिल्यांदाच. हे समोरच ओट्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

कालव्याकडून कुणीतरी "ओ" दिली.