तलावाकडची भिंत

सावली गावाजवळ तलावाकाठी मंजुषा आणि प्रफुलनं घर बांधलं खरं, पण तलावाकडच्या भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे यायचे. शेवटी पडवीतल्या त्या भिंतीवर लाकडी फळ्या ठोकायचं ठरलं. वरून जाळून तेल पाजलं की पंधरा वर्षं ना पॉलिश, ना वाळवी, असं इसरू सुताराचं म्हणणं. सागवान चार फळ्यांनी कमी पडलं, तेव्हा एटापल्लीच्या जंगलातून आलेलं मोहाचं एक जुनं खोड त्यानं चिरलं. कुठलं, कुणी पाडलं, हे कुणीच विचारलं नाही.

त्याच आठवड्यात पाच महिन्यांच्या लेकीनं अंगावरचं दूध सोडलं.

मंजुषानं सवयीनं दोष स्वतःकडे घेतला. पोर रडली तरी तिला घोर, हसली तरी घोर. पण अंगणवाडीच्या काट्यावर वजन चांगलं पाव किलोनं वाढलेलं.

"काऊन घाबरून राह्यली व? पोट भरून हाय तिचं," ताई म्हणाल्या. कशानं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत चटईवर निजवलेली लेक त्या भिंतीशी सापडली. ओठ फळीला लागलेले. मंजुषानं तिला ओढून घेतलं. काळ्या, जळक्या लाकडावर पांढरा थेंब होता. बोटाला कोमट लागला.

बाळाला मालिश करायला येणाऱ्या सोनीबाईनं फळीवरून हात फिरवला आणि खाली बसली. तिच्या गावात दात न आलेलं लेकरू गेलं, तर मोहाखाली पुरतात. झाड त्याला पाजतं. अशा झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत.

"त्याच्या वाटचं दूध तुमच्या पोरीनं पेलं, बाई... ते उपाशी राह्यलं."

"चिरलेल्या खोडाले का दूध फुटते?" म्हणत प्रफुल हसला. पण संध्याकाळच्या आत चारही फळ्या उचकटून तो जंगलात ठेवून आला.

सकाळी लेक भुकेनं रडली आणि घटाघटा प्यायली. मंजुषाचे डोळे भरून आले. आपण म्हणजे अगदीच भित्री, असं तिला वाटलं.

लेक डाव्या बाजूला होती... आणि उजवीकडे दुपट्ट्याखाली कुणीतरी ओढत होतं. हळूहळू. नुसत्या हिरड्यांनी.

ओरडायचं तिच्या मनात आलं. पण आधी तिनं दुपट्टा थोडा सैल केला, नीट पोचावं म्हणून.

हिरड्या फार गार होत्या.