अंजनमाळचा खडा

अंजनमाळची चौकी मुकी झाली होती, आणि तिला बोलतं करायला झुलाल चोपड्याहून निघाला होता.

सन अठ्ठ्याऐंशी. सातपुड्यात वणवे पेटायचे दिवस. डोंगरमाथ्यावरच्या त्या चौकीत वनखात्याचा वायरलेस होता आणि तो सांभाळायला कुवरसिंग. परवापासून त्याचा आवाज नव्हता. म्हणून मेकॅनिक झुलाल, वाट दाखवायला वनरक्षक नथ्थू आणि, कुणी बोलावलं नसताना, कुवरसिंगची बायको बिजलीबाई.

चढ उभा होता. पायाखालचा मुरूम सरकत होता, आणि पानं झडलेल्या सागातून एकही पाखरू बोलत नव्हतं.

"झुलालभाऊ, तुमचा डबा काही बिघडला नसेल," नथ्थू धापा टाकत म्हणाला. "कुवरसिंगच पिऊन लोळला असेल."

"तो पेत नही," बिजलीबाई पुढून म्हणाली. "तू पेस. बठ्ठा गावले माहीत शे."

नथ्थू खाली बघत चढू लागला.

चौकीचं दार सताड उघडं. फडक्यातली भाकरी वाळून वाकलेली. पाण्याची कळशी जागेवर नाही. माणूसही नाही.

झुलालने सेट चालू केला. खरखर झाली, आणि वाटच पाहत असल्यासारखा चोपड्याच्या ऑफिसातला रुपचंद बोलला:

"अंजनमाळ! बटण दाबतोस तर बोल की! माणूस आहेस का वांदर?"

झुलाल थबकला. त्याने माइकला अजून हातही लावला नव्हता.

"ऐक, आग विझवायला मजुरांची गाडी बोरघाटीने पाठवतोय. गाडीवर निंबा आहे. रस्ता मोकळा आहे का तेवढं सांग."

निंबा! झुलालचा धाकटा भाऊ! झुलाल खिडकीशी धावला. खाली बोरघाटीच्या दोन्ही कडा पेटल्या होत्या. धूर रस्त्यावर दोन्हीकडून ओणवत होता. आत शिरलेली गाडी बाहेर येणार नव्हती. त्याने माइक उचलून बटण दाबलं.

("रुपचंद, गाडी थांबव! घाटी पेटलीय!")

"अंजनमाळ, बोल."

("निंबाला सोडू नकोस!")

"बोल रे बाबा."

कंसातलं चोपड्यात कुणालाही ऐकू गेलं नाही.

बॅटरी? भरलेली. फ्यूज? शाबूत. एरियलची तार? घट्ट. माइकची पिन? काढली, पुसली, पुन्हा खोचली. नाही! त्याने झाकणच उघडलं. आत दोन खडे असायचे, नखाएवढ्या पत्र्याच्या डबीत बसवलेले स्फटिक. एक ऐकायचा, एक बोलायचा. ऐकायचा होता. बोलायच्या खाचेत कोळ्याने जाळं विणलं होतं.

"खडाच नाही!"

"तो त्याना गळामा ऱ्हास, ताईतमा," बिजलीबाई शांतपणे म्हणाली. "पानी लेवाले जास तवय काढी लई जास. वांदरं येतस, बटन दाबतस."

"पाणी कुठंय, अक्का?"

तिने खालच्या धुराकडे बोट केलं.

नथ्थूला सेटपाशी बसवून दोघं उतरले. दरीत धुराने दिवस पिवळा पडला होता. वाळलेलं गवत तडतडत होतं. एक जळका बुंधा गडगडत आला! झुलालने अंग टाकलं. बुंधा डोक्यावरून गेला. बिजलीबाई मागे न पाहता चालत राहिली.

झऱ्याशी, अंजनाच्या झाडाला टेकून, कुवरसिंग बसला होता. शेजारी काठोकाठ भरलेली कळशी. पोटरी काळीनिळी, तिच्यावर दातांचे दोन ठिपके. डोळे वर, चौकीकडे. अंगठा मात्र मुठीवर घट्ट दाबलेला, माइकचं बटण दाबावं तसा.

बिजलीबाईने त्याच्या गळ्यातला ताईत सोडवला आणि झुलालच्या हातावर ठेवला.

"जाय, भाऊ. मी आठेच बसस."

"अक्का, आग येतेय!"

"आठे झरानी वल शे. जळत नही. तुना भाऊ जळी. जाय!"

तो धावला. घसरला. गुडघे फुटले. पुन्हा धावला! माथ्यावर नथ्थू चौकीबाहेर उभा होता, चेहरा राखेसारखा.

"भाऊ, रुपचंद विचारतोय, बटण कोण दाबतंय. शपथ घेतो, मी हात लावला नाही."

झुलालने बोटाने जाळं काढलं. खडा बसवला. बटण दाबलं.

"रुपचंद, झुलाल बोलतोय! गाडी थांबव! घाटी पेटलीय!"

क्षणभर नुसती खरखर.

"झुलाल! अरे, गाडी नाक्यावरच आहे. निंबा मला शिव्या घालतोय. मघाशीच सोडणार होतो, पण तुमच्याकडून सारखं कुणीतरी बटण दाबत होतं. दाबायचं, धरून ठेवायचं, सोडायचं. म्हटलं, काहीतरी सांगायचंय. कुवरसिंग होता का?"

झुलालने बोटाला चिकटलेल्या जाळ्याकडे पाहिलं. खड्याशिवाय ते बटण म्हणजे नुसती पत्र्याची टकटक. ती या खोलीबाहेरही जात नाही.

"हो," तो म्हणाला. "कुवरसिंगच होता."

आग दरीतून पुढे सरकून गेली तेव्हा खालच्या काळ्या राखेत झऱ्याभोवतीचा हिरवा तुकडा तेवढा उरला होता, आणि त्यात बिजलीबाईचं लाल लुगडं. कुवरसिंगला वर आणायचं होतं. कुवरसिंग काढायचा तसाच बोलायचा खडा झुलालने काढून खिशात टाकला, आणि तो नथ्थूबरोबर निघाला.

उंबऱ्याशी पोहोचले तोच मागे सेट खरखरला.

"हां, अंजनमाळ," रुपचंदचा आवाज हळू झाला होता. "ऐकतोय. बोल, कुवरसिंग."

झुलालने सेट बंद केला नाही.