उताणी प्लेट

"माझ्या नवऱ्यानंच केलं का, तेवढं सांगा. मग घरी जायचं की आईकडेच राहायचं, ते मी ठरवीन," जंतुतज्ज्ञ डॉक्टरीण म्हणाली.

तापानं फणफणलेल्या रुग्णाचा नमुना तिनं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या प्लेटवर लावून उबेच्या कपाटात रात्रभर ठेवला होता. सकाळी बघतात तर प्लेटभर कुणीतरी भलताच जंतू पसरवलेला. शिवाय प्लेट कपाटात उताणी, झाकण वर. प्रयोगशाळेतलं माणूस ती कधीही पालथीच ठेवणार. आणि आदल्या संध्याकाळी तिथं नवरा तिची वाट बघत एकटा बसला होता.

ती हे सांगत होती खासगी तपास करणाऱ्या वन्संना; त्यांच्या भावाची बायको, वहिनी, तपासात सोबतीला असायची. वहिनीनं मनाशी निकाल लावूनही टाकला: नवराच.

नवऱ्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "कपाट उघडलं होतं. हिला घरी येऊ न देणारी ही सवत दिसते कशी, ते बघावं म्हटलं. हात नाही लावला."

विभागप्रमुख सर डॉक्टरणीचे गुरू. शेवटी कुलूप लावणारे तेच, सकाळी काढणारेही तेच. प्लेट प्रथम त्यांनीच पाहिली. हल्ली वॉर्डातले फोन थेट तिलाच येतात, हे त्यांनी न विचारता दोनदा सांगितलं.

वन्संनी प्लेट उजेडात धरली. जंतूंचे ठिपके टाचणीच्या डोक्यांसारखे गोल, सुटे. पालथी कशासाठी ठेवतात, हे त्यांनी तंत्रज्ञ बाईंना विचारलं. उबेनं झाकणावर पाणी धरतं, उताणी ठेवली तर ते टपकून ठिपक्यांचे फराटे होतात, असं बाईंनी सांगितलं.

मग वन्संनी सगळ्यांना सरांच्या खोलीत बसवलं.

"ठिपक्यांचे फराटे झालेले नाहीत. म्हणजे प्लेट रात्रभर पालथीच होती. उताणी झाली ती सकाळी, बाहेरच्या माणसावर आळ यावा म्हणून. सकाळी नवरा इथं नव्हता. कुलूप काढणारे तुम्ही होता, सर. आणि संध्याकाळी तो गेल्यावर मागं उरलेलेही तुम्हीच."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीस वर्षं जंतू ओळखतोय मी. आता माझ्याच दारात येऊन विचारतात, मॅडम आहेत का."

"माझ्यावर राग काढायचा होता," डॉक्टरीण म्हणाली. "त्या रुग्णाच्या उपचाराचा एक दिवस कशाला घेतलात?"



बाहेर जिन्यावर तिनं नवऱ्याला घरी चल म्हटलं. तो हलला नाही.

"सरांचा संशय आला होता तुला?" त्यानं विचारलं.

"नाही."

"माझा आला. लगेच."

वहिनीनं खाली मान घातली.  डॉक्टरीण त्याच्याशेजारी पायरीवर बसली, आणि आत तिच्या नावाचा फोन वाजत होता तरी उठली नाही.