आवाजाचा कॅमेरा

मुग्धा आणि देवेश बाळासाठी कॅमेरा बघायला फतेगंजातल्या त्या दुकानात शिरले, तेव्हा शनिवारची भर दुपार होती आणि दुकानदार नुकताच डबा संपवून हात पुसत होता. साल दोन हजार नऊ. घरोघरी इंटरनेटच्या तारा नव्यानंच शिरल्या होत्या. ऑफिसात बसून घरातलं पोर दिसतं, याचं बडोद्यात अजून भारी अप्रूप होतं.

मुग्धाची बाळंतपणाची रजा सोमवारी संपायची होती. मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत ती यंत्रांची ड्रॉइंग्ज करायची. इंद्रनील सहा महिन्यांचा, आणि त्याला सांभाळायला ठेवलेल्या नयनाबेन जेमतेम पंधरा दिवसांच्या ओळखीच्या. बाई बोलायला गोड होत्या, हात स्वच्छ होते, सगळं खरं. पण तान्हं पोर परक्या हाती सोपवून आईचा जीव थाऱ्यावर राहतो होय?

दुकानदारानं तीन खोकी काउंटरवर मांडली. पहिल्यात नुसतं चित्र, तेही पाळण्यापुरतं. दुसरा अंधारातही बघणारा. तिसरा अख्खी खोली दाखवणारा, आणि वर त्याला कान.

"बेन, आमां अवाज पण आवशे," तो कौतुकानं म्हणाला. "बाबो रडशे तो ऑफिसमां संभळाशे."

"हाच घेऊ," मुग्धा म्हणाली.

"नको." देवेश इतक्या चटकन म्हणाला, की दुकानदारानंही मान वर केली. "पहिला पुरे. पोर रडायचंच. तिथून ऐकून तू काय करणार? उगाच जिवाला घोर."

"मग निदान खोली तरी सगळी दिसू दे."

"पाळणा दिसला की झालं. खोलीत काय बघायचंय?"

आता हा देवेश म्हणजे रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये दिवसभर दहा पडद्यांकडे डोळे लावून बसणारा माणूस. घरात साधा मिक्सर आणायचा तर चार दुकानं पालथी घालायचा, आणि पाचव्या दुकानात "जरा विचार करतो" म्हणून बाहेर पडायचा. त्यानं पाच मिनिटांत मुका कॅमेरा पसंत केला आणि "सोमवारी माणूस पाठवा बसवायला" म्हणून तो चपला घालूनही मोकळा झाला.

मुग्धाला काही ते पटलं नाही. संध्याकाळी तो आंघोळीला गेल्यावर तिनं दुकानात हळूच फोन लावला आणि तिसरा पाठवायला सांगितलं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसायचे. लग्नाच्या चार वर्षांत नवऱ्यापासून लपवलेली ही तिची पहिली गोष्ट. मनाला इतकं लागलं, की रात्री तिनं त्याच्या आवडीची भरली वांगी केली आणि स्वतः मात्र धड जेवली नाही.

सोमवारी कपाटावर कॅमेरा बसला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांच्या वासण्याच्या फ्लॅटमधली ती छोटी खोली सगळी दिसायची. मधोमध घोडियुं, म्हणजे लोखंडी घोडीला टांगलेला कापडी झोळीचा पाळणा, गुजरातेत घरोघरी असतो तसा. खिडकीपाशी देवेशची एक जुनी वेताची खुर्ची, लग्नाआधीपासून त्याच्याबरोबर फिरत आलेली. दाराशी नयनाबेनची चटई. पहिला दिवस सुरळीत गेला.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास मुग्धानं एका कानात इअरफोन अडकवला आणि कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. नयनाबेन चटईवर आडव्या झाल्या होत्या. घोडियुं झुलत होतं. बाईनं दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली असणार, असं वाटून मुग्धाला हसू आलं. सगळ्याच आया तसं करतात.

मग नयनाबेन उठल्या, पदर सावरला आणि खोलीबाहेर गेल्या. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. दोरी घोडियाच्या दांडीला गुंडाळलेली होती, आणि घोडियुं झुलतच होतं. एका लयीत… जराही मंदावत नव्हतं.

कानात पंख्याची घरघर होती, कबुतरांची घुमघुम होती. त्याच्या खालून, अगदी जवळून, एक कोवळा बायकी आवाज आला.

"आनंद… ए आनंदा…"

आणि झोळीतून इंद्रनील खुदकन हसला.

मुग्धानं इअरफोन कानातून उपसला. दुसऱ्या क्षणी तिला संताप आला. या बाईनं कुणाला तरी घरात घेतलंय! रिक्षा करून ती घरी पोचली, तर घरात नयनाबेनशिवाय कुणीच नाही. तिनं त्यांना फैलावर घेतलं.

"मुग्धाबेन, कोई नथी आव्युं," नयनाबेन रडकुंडीला आल्या. "पाळण्याला तर हुं अडी पण नथी, हातसुद्धा लावला नाही. ते पहिल्या दिवसापासून आपोआप हलतंय. साहेबांना सांगितलं मी. ते म्हणाले, बेनला बोलायचं नाही."

"साहेबांवर ढकलू नका!" मुग्धा कडाडली. देवेशचं नाव घेतलं म्हणूनच तिचं डोकं अधिक फिरलं. तिनं बाईंना तिथल्या तिथे काढून टाकलं. जाताना त्या बाळाकडे न बघता देवघराला हात जोडून गेल्या.

घर शांत झालं. मुग्धानं बाळाला मांडीवर घेतलं. "इंद्रनील! नील्या! ए सोन्या!" बाळ आपली मूठ चोखत राहिलं. तिनं टाळी वाजवली, चुटकी वाजवली. छे! मग का कोण जाणे, स्वतःचाच राग येत असताना तिच्या तोंडून अगदी हळू निघालं… "आनंद?"

बाळानं गर्रकन मान वळवली. मूठ सोडून तोंडभर हसलं. पण ते बघत होतं खिडकीकडे.

संध्याकाळी देवेश आल्यावर तिनं बाईला काढल्याचं सांगितलं. आवाजाचं मात्र ओठांवर येऊनही गिळलं. त्याचा चेहरा एकदम उतरला. "कॅमेऱ्यात… काय दिसलं तुला?"

"कुणी नसताना पाळणा हलत होता."

"पंख्याचा वारा असेल." तो जरा सैल झाला. "काढलंस ते बरं केलंस. दुसरी बाई मिळेपर्यंत मी रजा काढतो. माझ्यापेक्षा चांगलं कोण सांभाळणार त्याला?"

मुग्धाचे डोळे भरून आले. पोरासाठी रजा टाकून घरी बसणारा बाप किती जणींच्या नशिबी असतो? आणि आपण याच्यापासून कॅमेरा लपवतो! उद्या घरी आल्यावर सगळं कबूल करायचं, असं तिनं ठरवलं.

बुधवारी दुपारी तिनं कॅमेऱ्याचं चित्र उघडलं ते कौतुकानंच. बापलेकाचं काय चाललंय बघू म्हणून.

देवेश वेताच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसला होता. मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखा. खुर्ची रिकामी होती. तो तिच्याशी बोलत होता.

"ताई, जरा दमानं घे… काल मुग्धानं पाळणा हलताना बघितला." तो थांबला. ऐकत असल्यासारखी मान हलवली. "नाही गं, तुझी हाक नाही ऐकली तिनं. कशी ऐकणार? मी बिनआवाजाचाच आणलाय ना… तुझ्यासाठीच."

मुग्धानं तोंडावर हात दाबून धरला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी विनोद सांगत होतं, हसत होतं.

"हो… हो गं. शब्द दिलाय तो दिलाय. तुझाच आहे तो."

तो उठला. झोळीतून इंद्रनीलला दोन्ही हातांनी उचललं. मुग्धानं लहानपणी आजोळी एक दत्तकविधान पाहिलं होतं. देणाऱ्या बापानं मूल असंच दोन्ही हातांवर घेतलं होतं, घेणारीच्या मांडीवर ठेवलं होतं, आणि मग हात काढून घेतले होते. देवेशनं अगदी तसंच केलं. रिकाम्या खुर्चीत बाळ ठेवलं… आणि हात काढून घेतले.

सहा महिन्यांचं पोर ते. त्याला अजून धड बसताही येत नव्हतं. पाठीला टेकू नव्हता, उशी नव्हती. पण ते कलंडलं नाही. खुर्चीच्या काठाशी ताठ बसून हसत राहिलं.

मुग्धा घरी कशी पोचली, तिचं तिला कळलं नाही. आधी तिनं बाळाला उचललं, छातीशी घट्ट धरलं, आणि मग म्हणाली, "कोण ताई?"

देवेश कपाटावरच्या कॅमेऱ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तू कॅमेरा बदललास?"

"कोण ताई, देवेश? तू एकुलता एक आहेस ना? माझ्या बाबांना सांगितलंस, मला सांगितलंस!"

"मालविकाताई. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला, या खुर्चीत बसून भरवायची. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा तापानं गेली." तो अडखळला. "म्हणजे… लोक म्हणतात गेली. पण ती मला सोडून जाणार कशी? तुझ्याआधी दोन स्थळं आली होती, त्यांना खरं सांगितलं. दोन्ही मोडली. म्हणून तुला…"

"म्हणून मला फसवलंस."

"ती कुणाला त्रास देत नाही गं! तिला एकच हौस होती, माझ्या बाळाचं नाव तिनं ठेवायचं. आनंद. आत्याचा मानच आहे तो."

बारशाचा दिवस मुग्धाच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. देवेशला बहीण नाही म्हणून त्याची चुलतबहीण रसिका आत्या झाली होती. रिवाजाप्रमाणे ती बाळाच्या कानाशी वाकली, बायकांनी तिच्या पाठीत हसत धपाटे घातले. पण रसिका मात्र हसली नव्हती, चटकन मागे सरकली होती.

"रसिकाला माहीत होतं?"

"तिनं कानात नाव सांगितलंच नाही. नुसते ओठ हलवले. ताईची जागा घ्यायची तिची छाती झाली नाही."

"म्हणजे तुझ्या घरच्या सगळ्यांना माहीत होतं. मी सोडून."

देवेश झोळीची दोरी दांडीला गुंडाळू लागला. चार वर्षं आपण ज्याला आपलं घर म्हणत होतो, तिथं आपणच तेवढ्या परक्या होतो, हे मुग्धाला उमगलं, आणि भीतीपेक्षा ते जास्त झोंबलं.

तिनं बाळाचे चार कपडे पिशवीत कोंबले आणि रिक्षा थांबवली. देवेशनं अडवलं नाही. जिन्यात उभा राहून नुसता बघत राहिला. अर्ध्या तासात ती बडोद्यातच अकोट्याला, माहेरी आली. आईला सगळं सांगितलं. आईनं बाळाची दृष्ट काढली, लेकीला दूधभात भरवला आणि म्हणाली, "इथं ये म्हणावं कुणाला यायचंय ते. पोर तुझं आहे."

सकाळी दहाला फोन वाजला. स्वच्छ ऊन पडलं होतं. मुग्धा बाळाला कडेवर घेऊन दिवाणखान्यात उभी होती. पलीकडे देवेश हमसून हमसून रडत होता.

काही झालं तरी नवरा होता तो. तिचा राग जरा पातळ झाला. माफी मागेल, म्हणेल चुकलो, बाळाशिवाय घर खायला उठलंय, म्हणेल. काय उत्तर द्यायचं, याची ती मनात जुळवाजुळव करू लागली.

"मुग्धा, मी रात्रभर त्या खोलीत बसलोय. पाळणा हलत नाहीये. खुर्ची… खुर्ची नुसती खुर्चीच आहे गं. घरात कुणीच नाही."

"देवेश, हे बघ…"

"तू रहा तिकडे. बाळही राहू दे तुझ्याकडे, मी हक्क सांगणार नाही. म्हणशील त्या कागदावर सही करतो." त्याचा आवाज पार चिरकला. "पण माझ्या ताईला तेवढं परत पाठव…"

मुग्धानं खोलीभर नजर फिरवली. आई आत पूजेला बसली होती, घंटी वाजत होती. दिवाणखान्यात दुसरं कुणी नव्हतं.

कडेवरचं बाळ तिच्या खांद्यावरून पलीकडे झुकलं आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले, ओळखीच्या माणसाकडे जायला करतात तसे. तिनं त्याला घट्ट आवळलं. तरीही त्याचं वजन तिच्या हातात हळूहळू कमी होत गेलं, खालून कुणीतरी अलगद हात दिल्यासारखं.