रेघेच्या जरा बाजूला

"दिसली ना रेघ? हेच आमचे बाबा!"

तिने लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि इतकी गोड हसली, की रेडिओ दुरुस्त करणाऱ्या त्या भिडस्त माणसाच्या हातातला स्क्रू घरंगळत कपाटाखाली गेला. लॅपटॉपला जोडलेली बोटाएवढी डबी त्यानेच शनिवारी तिला विकली होती. हवेतल्या लहरींचा एक पट्टा उचलायचा, त्याचे आकडे करून लॅपटॉपला द्यायचे, एवढंच त्या डबीचं काम. हवं ते केंद्र मग पडद्यावर शोधायचं.

तिचे वडील किनाऱ्यावरच्या बिनतारी केंद्रात होते. रोज चारच्या ठोक्याला होड्यांना हवामान सांगायचे... तीस वर्षं! ड्युटीच्या खोलीत पोटच्या मुलीलाही प्रवेश नाही. या शुक्रवारी केंद्र कायमचं बंद होणार होतं, आणि तिला बाबांना कामावर असताना एकदा तरी ऐकायचं होतं.

तिने केंद्राची वारंवारता अगदी बरोबर टाकली होती. पडद्याच्या मधोमध उजळ रेघ, आणि कानात नुसती घूं घूं. तरी बिचारी तीन दिवस कान लावून बसली होती.

तो पेचात पडला. गप्प बसावं तर शुक्रवार हातचा जाणार, बोलावं तर हे हसू.

"अहो... ही रेघ बाबांची नाही. हा डबीचा स्वतःचाच आवाज. कुठलाही आकडा टाका, मधोमध ही असतेच. बाबा तिच्याखाली दबलेत. डबी जरा बाजूच्या आकड्यावर लावा, म्हणजे ते कडेला मोकळे दिसतील."

"म्हणजे तीन दिवस मी डबीशी बोलत होते?"

"बोलत होतात?"

ती लालबुंद झाली. लॅपटॉप मिटला आणि तरातरा निघून गेली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. आपल्या खरेपणाला त्याने मनातल्या मनात लाखोली वाहिली.

शुक्रवारी साडेतीनला ती दारात हजर!

"आधी तापू द्या," तो गडबडून म्हणाला, "गार असताना आकडा थोडा..."

"सरकतो. वीस मिनिटं लागतात. माहितेय."

डबी तिने आधीच बाजूच्या आकड्यावर लावून ठेवली होती. चार वाजले आणि कडेला एक बारीक रेघ उमटली. "वारा वायव्येचा. समुद्र शांत..." करडा, सावकाश आवाज. शेवटी तोच आवाज हळू झाला. "केंद्र बंद करतोय. पोरी... ऐकतेयस ना?"

"ऐकतेय, बाबा!" ती पडद्यालाच म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. कडेची रेघ विझली होती.

त्याने रुमाल पुढे केला. "ही फक्त ऐकते हो. तिला उलट बोलता येत नाही."

"काही माणसंही तशीच असतात." तिने नाक पुसलं. "मला बाबा बुधवारीच लागले होते. घरी."

"मग आज इथे...?"

"शेवटचं एकटीने ऐकायचं नव्हतं. कोणाबरोबर ऐकायचं होतं, तेही मीच सांगू?"

"नको!" त्याने श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. शनिवारपासून."

"शनिवारी तर मी पाचच मिनिटं होते."

"हो... पाचच."

ती रडता रडता हसली आणि तिने फोन उचलला.

"बाबांना सांगते, मी ऐकत होते म्हणून. आणि माझ्याबरोबर आणखी कोण ऐकत होतं, ते तुम्ही सांगा!"