तसबीर टेकवायची नाही

"एवढे मिशाळ बाप्ये समुद्रावर पोट भरतात, आणि वारा जरा शिंकला की एकाचीही नाव पाण्यात उतरत नाही!"

मारुसो मावशी हे झाम्बेताच्या अगदी कानाशी पुटपुटली. पण मावशीचं पुटपुटणं म्हणजे अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाणार. नावाड्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कॉफीचे कप तोंडाला लावले. वारा काही शिंकत नव्हता, चांगला खिंकाळत होता. ऑगस्टातला उत्तरेचा वारा तो! समुद्रभर फेसाची पांढरी मेंढरं उधळली होती.

झाम्बेताच्या मांडीवर पनायियाची, देवाच्या आईची, तसबीर होती, आजीनं विणलेल्या रुमालात गुंडाळलेली. वर मढवलेल्या चांदीच्या पत्र्यातून फक्त आईचा आणि लेकराचा काळसर चेहरा तेवढा दिसायचा. उद्या सण. आज संध्याकाळी तसबीर तिसऱ्या पुळणीवरच्या देवळात दरवर्षीसारखी नावेनं पोचायला हवी होती. वर्षभर ती कुणाच्या तरी घरी राहते, तिच्यापुढचा दिवा विझू द्यायचा नसतो. सणाच्या आदल्या संध्याकाळी नवं घर तिला घेतं.

पण गेली काही वर्षं नवं घर पुढे आलंच नव्हतं. तरणी माणसं गेली अथेन्सला, नाहीतर जहाजांवर. तसबीर झाम्बेताकडेच राहिली. आणि आता आईच्या माघारी एकटी पडलेली झाम्बेतासुद्धा भावाकडे पिरेयसला निघाली होती, याच आठवड्यात. मग पनायियाचं काय? गावात कुणीच हे विचारत नव्हतं. विषय निघाला, की सगळे वाऱ्याबद्दल बोलायला लागत.

"सणाच्या चण्यांच्या हंड्यांबरोबर हिलाही ट्रकनं नेऊ या," एक नावाडी म्हणाला.

"चण्यांना ट्रक चालतो, आईला नाही!" मावशी कडाडली. "ती समुद्रातून आलीय, समुद्र बघतच जाणार. झाम्बेता, तू पायवाटेनं जा. पण दोघं हवीत. एकाचे हात दुखले की दुसऱ्यानं घ्यायची, जमिनीला टेकवायची नाही."

दुसरं कोण जाणार? सगळ्यांचे गुडघे एकदम दुखायला लागले. तेवढ्यात बंदरावरून आलेली बस थांबली आणि खांद्यावर खलाशी पिशवी टाकलेला एक उंच माणूस उतरला. शाळेत झाम्बेताच्या मागच्या बाकावर बसायचा तो... स्ताथिस. आता मोठ्या जहाजावर मेकॅनिक.

"कार्ट्या, वेळेवर उगवलास!" मावशी म्हणाली. "पिशवी ट्रकमध्ये टाक. हात धू."

"अगं, श्वास तरी—"

"श्वास वाटेत घे."

पायवाट खडकांच्या कडेकडेनं निघाली. पायाखाली ओव्याच्या झुडपांसारखा वास येत होता, रानटी थाइमचा, उन्हात भाजलेला.

"अजून शेळीसारखीच चालतेस," मागून स्ताथिस म्हणाला.

"आणि तू डेकवर चालल्यासारखा. जमीन हलत नाहीये रे, सरळ चाल."

"दे आता मला."

"दुखले नाहीत माझे हात."

"माझे दुखतायत... रिकामे राहून."

तिनं तसबीर पुढे केली. चौकटीखाली त्याची बोटं तिच्या बोटांवरून सरकली — वंगणाचा डाग न गेलेली, खरखरीत बोटं. तिनं हात काढून घेतला, पण लगेच नाही.

दुसऱ्या पुळणीवर पोहणारी माणसं पाण्यातच उभी राहिली. त्यांनी छातीवर क्रॉसची खूण केली. खानावळीतल्या बाईनं दोघांना गार पाणी पाजलं आणि झाम्बेताकडे बघून काहीतरी बोलणार होती... ती वाऱ्याबद्दल बोलली.

"तुझी सुट्टी तर थंडीत असते," चढ लागल्यावर झाम्बेता म्हणाली.

"यंदा आधी मागून घेतली."

"का?"

"वारा फार आहे, ऐकू नाही आलं."

"बरं!"

"तू पिरेयसला निघालीस, असं जहाजावर कळलं. तुला जायचंय?"

"हिला घर मिळालं, तर जाता येईल."

"मी काय विचारलं आणि तू काय सांगितलंस!"

"वारा फार आहे," ती म्हणाली.

आणि मग ते भूशिराच्या टोकाला आले.

जन्मभर या वाटेनं गेलेली ती, पण पाय थांबलेच. खाली गुहेत लाट शिरायची आणि कडा आतून घुमायचा, इतका, की तळव्यांना कळायचं. ससाणे वाऱ्यावर पंख न हलवता लटकले होते, जणू कुणी आभाळाला टाचून ठेवलेत. उतरत्या उन्हात समुद्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटला होता आणि फेसाचे कण उडून ओठांवर खारट बसत होते. एवढं सगळं... आणि ती रोज शेळ्यांच्या मागे याच्याकडे पाठ फिरवून गेली होती?

स्ताथिसनं तर जगातले समुद्र पालथे घातले होते. तोही तोंड उघडं टाकून उभा होता.

"मी खाली इंजिनात असतो," तो हळूच म्हणाला. "समुद्र मला फक्त ऐकू येतो."

मग त्यानं तसबीर उचलून धरली, आईला दिसावं म्हणून. झाम्बेताच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं, असं म्हणायची सोय होती.

तिसऱ्या पुळणीवर घंटा वाजायला लागली होती. देवळाच्या अंगणात माणसं, हंड्या, चण्यांची वाफ. फाटकाशी झाम्बेतानं हात पुढे केले. जो तसबीर घेऊन उंबरठा ओलांडतो, त्याच्याच घरी ती वर्षभर राहते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

स्ताथिस तिच्या बाजूनं पुढे गेला आणि त्यानं आत पाऊल टाकलं.

अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. पाद्रीबाबा दाढी कुरवाळायला लागले.

"विसरलास तू," झाम्बेता कुजबुजली. "दे इकडे. उंबरठा—"

"विसरलो नाही."

"आणि जहाज?"

"जहाजाला दुसरा मेकॅनिक मिळेल. हिला दुसरं घर मिळत नव्हतं." त्यानं मान खाली घातली. "आता तू मोकळी आहेस. जा खुशाल."

मोकळी! तिचे हात खरंच रिकामे होते, आणि असे दुखत होते, जसे वाटेत एकदाही दुखले नव्हते.

"वारा पडेल बहुतेक उद्या," कुणीतरी म्हणालं. "पडेल, पडेल," दुसऱ्यानं दुजोरा दिला.

मारुसो मावशीनं डाव हंडीवर दाणकन आपटला.

"वारा, वारा, वारा! या पोरीनं जाऊ नये, असं एकालाही वाटत नाही का रे? की देवानं तोंडं नुसती चणे खायला दिलीत?"

सगळ्यांनी ताटांत बघितलं. स्ताथिसला ताट नव्हतं. हातात तसबीर, ती खाली ठेवायची सोय नाही, म्हणून पळायचीही सोय नाही. कानांपर्यंत लाल झाला बिचारा.

"दिवा मला एकट्याला... म्हणजे, दिव्याचं नव्हे—" झाम्बेता जवळ गेली, आणि चौकटीखाली, त्याच्या हातांशेजारी, आपले हात ठेवले.

"तुझ्यासाठी आलो मी," तो म्हणाला. "जाऊ नकोस."