रिकाम्या खोक्यावर चाललेला पंप

खोटं वाटलं तर खुशाल हसा. मीही हसले असते. पण त्या लाँचवर माझा नवरा होता, आणि तिची बॅटरी मी माझ्या हातानं काढली होती.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. रविवार. चिंचपोकळीतली आमची चाळ.

बाबांच्या मागे त्यांचं बॅटरीचं दुकान मीच चालवते. माझा नवरा दीपक भाऊच्या धक्क्यावरून लाँच चालवतो, समुद्रात उभ्या जहाजांना सामान पोचवतो. लाँचच्या तळात पाणी साचतं, ते पंप उपसतो. खालची मोठी बॅटरी बंद पडली तर पंपासाठी एक जादा बॅटरी वर केबिनमध्ये, लाकडी खोक्यात असते.

ती मी चार्जिंगला दुकानात आणली होती. लाँच सोमवारपर्यंत हलणार नव्हती.

शनिवारी मंडळाच्या बकुळाकाकू आल्या. "दर्शना, उद्या बाप्पाचं आगमन. ट्रॉलीवरच्या लाइटला एक बॅटरी दे गो!"

बाप्पाला नाही कोण म्हणणार? समोर दिसली ती उचलून दिली.

रविवारी सकाळी दीपकला अचानक बोलावणं आलं. चहा अर्धा टाकून पळाला. मी मोदकांच्या गडबडीत. खोकं रिकामं आहे, हे त्याला सांगायचंच राहिलं.

दुपारी साडेचारला ढोल वाजत ट्रॉली दारात आली. मी ओवाळायला ताट उचललं...

आणि मूर्तीभोवतीचे सगळे दिवे गेले.

वाकून बॅटरी बघितली. अगं बाई, ही तर दीपकची!

फुल चार्ज केलेली बॅटरी ठार मेली होती. वरून ओली. पाऊस नव्हता. बोट जिभेला लावलं...

खारट.

दीपकला फोन लावला. लागेना. वीस वेळा लावला असेल.

सातला तो जिन्यात दिसला. मी सगळ्या चाळीसमोर त्याच्या गळ्यात पडून रडले.

"अगो, वाचलो!" तो म्हणाला. "साडेचारला खालून पाणी शिरलं. मोठी बॅटरी बुडाली, पंप बंद. म्हटलं, संपलो आता. मग जादा बॅटरीचं बटण दाबलं. धक्क्यापर्यंत पंप चालला. तुझ्या बॅटरीनं वाचवलं."

मी दाराकडे बोट दाखवलं. बॅटरी तिथंच पडली होती.

त्यानं ती उचलून बघितली. "मग खोक्यात काय होतं?"

"उघडून नाही बघितलंस?"

"झाकण निघेना. वाटलं, लाकूड फुगलंय. पण आतून..."

"आतून काय?"

"कोणीतरी धापा टाकत होतं गो."

सकाळी आम्ही दोघं धक्क्यावर गेलो. झाकण सहज उघडलं. खोकं रिकामं. आत फक्त दोन सुट्या वायरी.

दोन्ही वायरींच्या रबरात बोटांचे खोल ठसे होते. घट्ट मुठीत धरल्यासारखे.

मी नवी बॅटरी बसवली. दुसऱ्या दिवशी ती खोक्याबाहेर होती, झाकण बंद. पुन्हा बसवली. पुन्हा बाहेर. चार वेळा झालं असं.

"दुसरी नोकरी बघ," मी रोज सांगते. दीपक म्हणतो, "वाचवलं ना त्यानं? घाबरतेस कशाला?"

वाचवलं, मान्य. पण खोक्यातला तो बॅटरी आत राहू देत नाही. आता पाणी शिरलं तर सगळी भिस्त त्याच्यावर.

आणि त्या दिवशीच त्याला धाप लागली होती...

आत्ता साडेचार वाजलेत. दीपकचा फोन लागत नाहीये.